बॅटरी बदलण्याआधी मोजा

जानेवारीत ग्वाल्हेरवर धुके उतरते, पारा तीन-चार अंशांपर्यंत घसरतो आणि शहराचा लष्कर भाग असो वा मुरार, सकाळी सेल्फचे बटण दाबले की कितीतरी दुचाकींमधून नुसती टिकटिक ऐकू येते. पुढचे सगळे ठरलेले. गाडी ढकलत गॅरेजपर्यंत न्यायची, मेकॅनिकने एकदा बटण दाबून पाहायचे, ‘बॅटरी गेली’ म्हणायचे आणि हजार-दीड हजार देऊन नवी बॅटरी बसवून घ्यायची. गाडी लगेच चालू होते, म्हणून दुखणे बरोबर ओळखले असे दोघांनाही वाटते. खरे तर तो अंदाज असतो, आणि चुकला तर भुर्दंड गाडीवाल्याला बसतो. म्हणून माझे म्हणणे सरळ आहे: सेल्फची तक्रार आली की कोणताही भाग बदलण्याआधी व्होल्टेज मोजले गेले पाहिजे आणि तो आकडा बिलावर आला पाहिजे.

सेल्फची यंत्रणा तशी साधी आहे. बॅटरीतून जाड वायर रिलेकडे जाते, रिलेतून सेल्फ मोटरकडे आणि मोटरमधून इंजिनच्या धातूवाटे, अर्थिंगच्या वायरने करंट पुन्हा बॅटरीत येतो. बटण दाबल्यावर लहान गाडीची मोटरसुद्धा क्षणभर पन्नास-साठ अँपिअर ओढू शकते. एवढ्या मोठ्या करंटला वाटेतला बारीकसा अडथळाही महागात पडतो. अर्थिंगच्या नटाखाली गंज चढून केवळ 0.03 ओहम अडथळा तयार झाला, तर 60 अँपिअरला 1.8 व्होल्ट तिथेच खर्च होतात आणि मोटरपर्यंत पुरेसा जोर पोहोचत नाही. नवी बॅटरी ताज्या दमाची असल्याने ही गळती सोसूनही इंजिन फिरवते. पण नटाखालचा गंज तसाच राहतो. काही महिन्यांनी पुन्हा टिकटिक सुरू झाली की बोल बॅटरीच्या कंपनीला लागतो. खरा दोष शोधायला मल्टिमीटर पुरतो, आणि तो चार-पाचशे रुपयांत मिळतो. त्याची एक काडी बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर आणि दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर टेकवायची आणि सेल्फ दाबायचा. काटा किंवा आकडा 0.2-0.3 व्होल्टच्या आत राहिला तर अर्थिंग ठीक. एक व्होल्टच्या वर गेला तर पाना घ्यायचा, नट सोडवायचा, पांढरी-हिरवी भुकटी पॉलिश पेपरने घासून काढायची आणि नट पुन्हा घट्ट आवळायचा. याला पैसे जवळपास लागत नाहीत.  

जुने मेकॅनिक आवाजावरून दोष ओळखतात, आणि ते कौशल्य खरे आहे. भराभर टिकटिक झाली तर व्होल्टेज कोसळते आहे. एकदाच ‘टक’ होऊन गप्प बसली तर रिलेचे पॉइंट जळले असतील किंवा मोटरचे कार्बन झिजले असतील. काहीच आवाज नाही तर फ्यूज, क्लचचा किंवा साइड स्टँडचा स्विच पाहायचा. मोटर गरगर फिरते पण इंजिन हलत नाही, तर वन-वे क्लच. मात्र आवाज फक्त दिशा दाखवतो. व्होल्टेज बॅटरी थकल्यामुळे कोसळते आहे की वाटेत गळते आहे, हे कानाला कळत नाही. ते मीटरच सांगतो. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर 12.6 व्होल्टच्या आसपास आकडा हवा, सेल्फ मारताना तो साडेनऊच्या फार खाली जायला नको आणि गाडी चालू असताना, थोडी रेस दिल्यावर, 14 च्या जवळपास पोहोचायला हवा.

तिसरा आकडा फार कमी जण पाहतात, आणि खरा चोर कधीकधी तिथेच सापडतो. थोडा हिशोब करून पाहावा. 60 अँपिअरने तीन सेकंद सेल्फ मारला, तर खर्च होतात 0.05 अँपिअर-अवर. चार अँपिअर-अवरच्या बॅटरीचा हा जेमतेम सव्वा टक्का झाला. म्हणजे धडधाकट बॅटरी एक-दोनदा सेल्फ मारून रिकामी होत नाही. रोज सकाळी ती गळालेली आढळत असेल तर एकतर गाडी चालताना तिला चार्जिंग मिळत नाही, किंवा गाडी उभी असताना कुणीतरी तिला पीत असते. बाजारातून बसवलेला अलार्म, मोबाइल चार्जर, रंगीत दिवे यांतून फक्त 20 मिलिअँपिअर गळत राहिले, तर दिवसाला जवळपास अर्धा अँपिअर-अवर जातो आणि आठवड्याभरात बॅटरी जमिनीला टेकते. अशा गाडीत नवी बॅटरी टाकणे म्हणजे फुटक्या माठात पुन्हा पाणी ओतणे.

ग्वाल्हेरमध्ये हे जास्त जाणवते त्याला हवामानही कारणीभूत आहे. मे-जूनमध्ये पारा पंचेचाळीसच्या वर जातो, आणि लेड-अ‍ॅसिड बॅटरीचे आयुष्य कमी करते ती हीच उष्णता. थंडी तिला मारत नाही, तिचा दुबळेपणा उघडा पाडते. आतली रासायनिक क्रिया मंदावते, इंजिनमधले ऑइल घट्ट होते आणि मोटरला जोर जास्त लागतो. पूर्वी अशा वेळी किक कामी यायची. 1 एप्रिल 2020 पासून प्रदूषणाचे बीएस-6 नियम लागू झाले, बहुतेक गाड्यांत कार्ब्युरेटर जाऊन फ्यूएल इंजेक्शन आले आणि अनेक मॉडेल्सची किकच गेली. इंधन पंप आणि कंट्रोल युनिटलाही बॅटरीच लागते, त्यामुळे बॅटरी पार मेलेली असेल तर ढकलूनही गाडी चालू होईलच असे नाही. किक गेल्यावर सेल्फचा दोष नेमका ओळखणे ही गरज झाली आहे.

यावर आक्षेप येतील. पहिला वेळेचा: रांगेत दहा गाड्या उभ्या असताना मोजत कोण बसणार? पण वरची तीनही मापे पाच मिनिटांची आहेत, बॅटरी बदलायलाही साधारण तेवढाच वेळ लागतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: ग्राहक तपासणीचे पैसे देत नाही, वस्तूचे देतो, म्हणून मेकॅनिकला वस्तू विकावी लागते. हे खरे आहे आणि यात दोष आपलाही आहे. डॉक्टरला तपासणीची फी देताना आपण कुरकुरत नाही, मग मेकॅनिकच्या निदानाचे पन्नास-शंभर रुपये देतानाही हात आखडू नये. तिसरा आक्षेप असा की चार वर्षे जुन्या गाडीत बहुधा बॅटरीच गेलेली असते. असेलही. मग मीटरही तेच सांगेल, आणि नव्या बॅटरीचे पैसे खात्रीने देता येतील.

शिवाय बदललेली प्रत्येक बॅटरी म्हणजे शिशाचा कचरा. 2022 च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी तो परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, पण विनाकारण काढलेली बॅटरी हा कचरा वाढवतेच. ग्राहकाच्या बाजूने कायदाही आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सेवेतील त्रुटीच्या व्याख्येतच ग्राहकापासून संबंधित माहिती जाणूनबुजून दडवणे येते. मोजमाप मागणे हा उद्धटपणा नाही.

सुरुवात करायला ग्वाल्हेरइतकी योग्य जागा नाही. माधवराव शिंद्यांनी 1905 मध्ये सुरू केलेला इथला व्यापार मेळा नेमका कडाक्याच्या थंडीत भरतो, आणि अलीकडच्या मेळ्यांत रोड टॅक्समध्ये 50 टक्के सवलत मिळाल्याने गाड्यांची मोठी खरेदी तिथेच होते. मेळा प्राधिकरणाने गाडी विक्रेत्यांच्या दालनांशेजारी एक टेबल लावावे, आयटीआयचे विद्यार्थी मल्टिमीटर घेऊन तिथे बसवावेत आणि आलेल्या गाडीचे तीन आकडे कागदावर लिहून द्यावेत. मेळ्यापर्यंत थांबायचेही कारण नाही. पुढच्या वेळी ‘बॅटरी गेली’ असे ऐकाल, तेव्हा पाकीट काढण्याआधी मेकॅनिककडून एवढे लिहून मागा: उभ्या गाडीचे व्होल्टेज, सेल्फ मारतानाचे व्होल्टेज आणि इंजिन चालू असतानाचे व्होल्टेज.