पाटीवर नावासोबत खूणही लिहा

पर्णिका, छद, अश्मगर्भी फळ. शाळेत पाठ केलेले हे शब्द परीक्षा संपली की बहुतेकांच्या आयुष्यातून निघून जातात. हे मोठे नुकसान आहे, कारण झाडाकडे बघताना नजर नेमकी कुठे न्यायची हे याच शब्दांनी कळते.

बेलाचेच पाहा. भाविक ज्याला त्रिदळ म्हणतात, ती वनस्पतिशास्त्रात तीन पाने नव्हेत. ते तीन पर्णिकांचे एकच संयुक्त पान. हे ठरवायचे कसे? देठ फांदीला मिळतो त्या बेचक्यात कळी शोधायची. बेलाच्या बेचक्यात पुष्कळदा काटाही सापडतो. पर्णिकेच्या बुडाशी मात्र कळी कधीच नसते. ही खूण कळली की कडुनिंबाची छोटी डहाळी म्हणून हाती आलेली गोष्टही बऱ्याचदा एकच पान निघते, आणि शेवग्याचे तिहेरी विभागलेले पान तर हातभर लांब भरते. बोगनवेलीचा गुलाबी-जांभळा रंग पाकळ्यांचा नाही, छदांचा, म्हणजे फुलालगतच्या पानांचा. खरी फुले म्हणजे आतल्या फिकट, बारीक नळ्या. कोकण-गोव्यातला रसाळ बोंडू हा काजूचा फुगलेला देठ असतो. फळ म्हणजे त्याच्या टोकाला लोंबणारी बी.

सामान्य माणसाला हे कशाला हवे, असा प्रश्न नेहमी येतो. त्याचे उत्तर गुळवेलीने दिले आहे.

करोनाकाळात घरोघरी गुळवेलीचे काढे उकळले गेले. पुढे यकृताला इजा झालेल्या रुग्णांच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आल्या आणि दोष गुळवेलीचा की आणखी कशाचा, यावर वाद पेटला. तो वाद तज्ज्ञांचा. पण आयुष मंत्रालयाने २०२२ मध्ये एक गोष्ट बजावली: टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया ही गुळवेल आणि तिची बहीण टिनोस्पोरा क्रिस्पा यांत गल्लत करू नका, दुसरीचा यकृतावर वाईट परिणाम होऊ शकतो. दोघींची पाने हृदयाकृती, त्यामुळे पानावरून भागत नाही. मंत्रालयाने सांगितलेल्या खुणा अशा: गुळवेलीचे खोड हिरवट, त्यावर गाठी नाहीत, दुधाळ चीक नाही, पाकळ्या सहा, फळे गोल आणि लाल. क्रिस्पाचे खोड करडे, गाठाळ, चीक येणारे. पाकळ्या तीन, फळे लांबट आणि नारिंगी. कुंपणावरची वेल तोडण्याआधी एवढे तपासता येणे ही आरोग्याची गरज आहे.

म्हणून शाळांनी या संज्ञांच्या व्याख्या लिहून घेणे थांबवावे. परीक्षेत मुलांच्या हाती एक फांदी द्यावी आणि यातले एक पान कुठे सुरू होते, कुठे संपते ते विचारावे. औषधी वनस्पतींच्या उद्यानांतही पाटीवर नाव आणि उपयोग लिहिलेले असतात, ओळखीची खूण क्वचितच. खोड, पान, फूल, फळ यांची दोन ओळींची नोंद तिथे सहज मावेल, आणि तिचा खर्च रंगाच्या एका डब्याहून जास्त होणार नाही.