अरबांना राज्यघटना नवी नाही

पश्चिम आशियात कुठे तोफ धडाडली की आपल्याकडच्या चर्चेत दोन मते हमखास ऐकू येतात. पहिले असे की, ही राष्ट्रे मुळात खरी नव्हेतच; इंग्रज-फ्रेंचांनी १९१६ साली नकाशावर पट्टी ठेवून ओढलेल्या त्या रेघा आहेत. दुसरे असे की, अरबांना टोळी कळते, धर्म कळतो, लोकशाही मात्र मानवत नाही. पहिले मत अरबांची कणव करणारे वाटते आणि दुसरे त्यांना हिणवणारे. खोलात गेले तर दोन्हींचे मूळ एकच आहे. दोन्हींत अरब माणूस स्वतः काही करतच नाही. त्याचा इतिहास एक तर लंडन-पॅरिसात घडतो, नाही तर त्याच्या रक्तात आधीच लिहिलेला असतो. हा समज खोटा आहे आणि तो टाकून दिला पाहिजे.

आधी रेघांचा विचार करू. मे १९१६ च्या सायक्स-पिको करारात मोसूल फ्रेंचांच्या प्रभावक्षेत्रात होते आणि पॅलेस्टाइनचा मोठा भाग आंतरराष्ट्रीय देखरेखीखाली जायचा होता. प्रत्यक्षात मोसूल इराकमध्ये आले आणि पॅलेस्टाइन ब्रिटिशांकडे गेले. आजचा नकाशा सान रेमोची बैठक, कैरोची परिषद, लोझानचा तह आणि मोसूलचा निवाडा अशा टप्प्यांनी, १९२० ते १९२६ या काळात आकाराला आला. शिवाय हा सगळा व्यवहार होता इराक, सीरिया, लेबनॉन, जॉर्डन आणि पॅलेस्टाइन या पट्ट्यापुरता. अरब लीगचे सदस्य २२ आहेत. इजिप्त कोणा युरोपीय मुत्सद्द्याने निर्माण केले? मोरोक्कोचे राजघराणे सतराव्या शतकापासून गादीवर आहे, ओमानचे अठराव्या. सौदी राज्य इब्न सौदने तलवारीच्या बळावर उभे केले आणि १९३२ साली त्याला आजचे नाव दिले. अल्जीरियाने १९५४ ते १९६२ अशी आठ वर्षे लढून फ्रान्सकडून स्वातंत्र्य मिळवले. या सगळ्यांना एका कराराची लेकरे ठरवणे हा इतिहासाचा आळस आहे.

समजा, रेघ परक्याने ओढली. म्हणून तिच्या आतले राष्ट्र खोटे ठरते का? फाळणीच्या वेळी रॅडक्लिफने जेमतेम पाच आठवड्यांत आखलेल्या सीमेच्या अलीकडे आपण प्रजासत्ताक उभे केले; ते खोटे आहे असे आपण कोणाला म्हणू देत नाही. २०१४ साली ‘इस्लामिक स्टेट’ने इराक-सीरिया सीमेवरचा मातीचा बांध बुलडोझरने पाडला आणि सायक्स-पिको संपल्याची द्वाही फिरवली. तिने जाहीर केलेली खिलाफत काही वर्षांतच कोसळली. सीमा मात्र राहिली.

दुसऱ्या मताचे खंडन दमास्कसमध्येच झालेले आहे आणि तेही शंभर वर्षांपूर्वी. ऑक्टोबर १९१८ मध्ये तुर्कांची सत्ता गेली. १९१९ च्या जूनमध्ये तिथे सीरियन काँग्रेस भरली. आजच्या सीरिया, लेबनॉन, जॉर्डन, पॅलेस्टाइन या प्रदेशांतले प्रतिनिधी तिच्यात होते. त्याच उन्हाळ्यात अमेरिकेचे किंग-क्रेन मंडळ गावोगाव फिरले. त्याच्याकडे १,८०० हून अधिक अर्ज आले आणि त्यांतल्या बहुसंख्यांची मागणी अखंड, स्वतंत्र सीरियाची होती. ८ मार्च १९२० रोजी काँग्रेसने स्वातंत्र्य जाहीर केले आणि तुर्कांविरुद्धच्या अरब उठावाचा नेता फैसल याला राजा निवडले. तेवढ्यावर ती थांबली नाही. हाशिम अल-अतासी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने राज्यघटनेचा मसुदा तयार केला. राजाचे अधिकार मर्यादित, मंत्रिमंडळ विधिमंडळाला जबाबदार, सर्व पंथांना उपासनेचे स्वातंत्र्य, प्रांतांना स्वतःचा कारभार. धर्माची अट एकच होती, राजा मुसलमान असावा. विशेष म्हणजे या काँग्रेसचे अध्यक्षपद पुढे रशीद रिदा यांच्याकडे आले. ते इस्लामी धर्मशास्त्राचे नामांकित पंडित होते. अशा माणसाच्या कारकिर्दीत ही घटना आकार घेत होती. स्त्रियांना मताधिकार द्यावा की नाही यावरही त्या सभागृहात कडाक्याचा वाद झाला. निर्णय लागला नाही. पण हा वाद १९२० साली झाला, आणि फ्रान्सच्या स्त्रियांना मतदानाचा हक्क १९४४ साली मिळाला.

मग हे राज्य बुडाले कशाने? टोळ्यांच्या भांडणाने नव्हे. फ्रेंच जनरल गुरोने निर्वाणीचा खलिता धाडला. फैसलने त्याच्या अटी मान्य केल्या, तरीही फ्रेंच फौज निघाली. २४ जुलै १९२० रोजी मैसलूनच्या खिंडीत युद्धमंत्री युसूफ अल-अझमा तुटपुंजे सैन्य आणि स्वयंसेवक घेऊन उभे राहिले. रणगाडे आणि विमाने समोर होती. अझमा तिथेच पडले. राष्ट्रसंघाच्या सनदेचे २२ वे कलम सांगत होते की, पूर्वीच्या तुर्की साम्राज्यातल्या काही समाजांना स्वतंत्र राष्ट्रे म्हणून तात्पुरती मान्यता देता येईल आणि पालक सत्ता निवडताना त्यांच्या इच्छेला प्रमुख स्थान राहील. सीरियनांनी इच्छा सांगितली होती, लेखी सांगितली होती. ती पायदळी तुडवली गेली. त्यानंतर फ्रान्सने देशाचे तुकडे पाडले : दमास्कस, अलेप्पो, अलावींचे राज्य, द्रूझांचे राज्य, वेगळे लेबनॉन. आज ज्याला अरबांचा उपजत पंथवाद म्हणतात, त्यातला मोठा भाग या शासकीय वाटणीतून पोसला गेला. द्रूझांचाच नेता सुलतान अल-अतराश १९२५ साली बंडाला उठला, तेव्हा त्याने मागणी केली ती अखंड सीरियाची.

या पालकत्वामागचा ‘हे लोक अजून स्वराज्याला लायक नाहीत’ हा युक्तिवाद मराठी वाचकाने ओळखायला हवा. लोकमान्यांनी आयुष्यभर ज्याच्याशी झुंज दिली तो हाच. आणि या इतिहासात आपलाही हात आहे. १८३९ साली जिंकलेले एडन जवळजवळ शतकभर मुंबई इलाख्याकडून चालवले गेले. १९१४ मध्ये बसरा घेणारे सैन्य सहाव्या पुणे डिव्हिजनचे होते. एप्रिल १९१६ मध्ये कूत-अल-अमारा इथे शरण गेलेल्यांत मराठा पलटणींचे जवान होते. इराकमधला १९२० चा उठावही हिंदुस्थानी सैनिकांकरवी चिरडला गेला. ज्या राष्ट्रांची घडण मोडण्यात आपली माणसे, परक्याच्या हुकमाने का होईना, राबली, त्यांच्याविषयी बोलताना थोडी जबाबदारी लागते.

यावर आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे : शंभर वर्षांपूर्वी फ्रेंचांनी केले ते केले, पुढच्या हुकूमशहांचे काय? त्यांच्या पापाचे माप साम्राज्यवाद्यांच्या पदरात घालणे मला मंजूर नाही. मार्च १९४९ मध्ये दमास्कसला पहिला लष्करी उठाव करणारा हुस्नी अल-झईम सीरियनच होता. १९६२ च्या जनगणनेत सीरियाच्या हसका प्रांतातल्या लाखाहून अधिक कुर्दांचे नागरिकत्व हिरावणारे सरकार अरब होते. १९८२ साली सीरियातले हमा शहर आणि १९८८ साली इराकी कुर्दांची गावे उद्ध्वस्त करणारे हुकूम अरब राज्यकर्त्यांनी दिले. अरब राष्ट्रवादाने आपल्यातल्या बिगरअरबांना समान मानले नाही, हा त्याचा सर्वांत मोठा गुन्हा आहे. पण हा गुन्हा माणसांनी निर्णय घेऊन केला, रक्ताने नव्हे. आणि अरब राज्यकर्त्यांच्या जुलमाला अरब माणसांनीच तोंडही दिले. फारिस अल-खूरी हे ख्रिस्ती गृहस्थ सीरियाचे पंतप्रधान झाले, एकदा नव्हे, पुन्हा १९५४ मध्येही. घटनासमितीचे अतासी तीनदा राष्ट्राध्यक्ष झाले. लष्करशहा शिशक्लीच्या दडपशाहीविरुद्ध १९५१ साली त्यांनी पद सोडले, १९५४ मध्ये तो पडल्यावर परतले आणि पुढल्या वर्षी संसदेने निवडलेल्या उत्तराधिकाऱ्याच्या हाती सूत्रे देऊन घरी गेले.

डिसेंबर २०२४ मध्ये सीरियातली असद घराण्याची पन्नासहून अधिक वर्षांची सत्ता कोसळली. तिथल्या नव्या राज्यकर्त्यांना आपण प्रश्न विचारावेत, कठोर विचारावेत : कुर्द, द्रूझ, अलावी, ख्रिस्ती यांना तुमच्या घटनेत बरोबरीची जागा आहे का? स्त्रियांच्या मताला वजन आहे का? मात्र हे प्रश्न विचारताना लोकशाही ही त्यांना बाहेरून शिकवायची गोष्ट आहे असे धरून चालू नये. १९२० सालचा दमास्कसचा मसुदा त्यांचा स्वतःचा आहे. त्याच मापाने त्यांना मोजा.