शंभर रुपयांची झोपडी आणि कोटींची इमारत

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ असे आपले वाडवडील सांगत आले. अंदाज एक आणि प्रत्यक्ष खर्च दुसरा, हा अनुभव चार भिंती उभ्या करणाऱ्या प्रत्येकाला येतो. महात्मा गांधीही त्यातून सुटले नाहीत. १९३६ साली वर्ध्याजवळील शेगाव या खेड्यात त्यांच्यासाठी पहिली झोपडी बांधावयाचे ठरले. पुढे १९४० मध्ये हेच शेगाव सेवाग्राम झाले. शंभर रुपयांहून अधिक खर्च होता कामा नये, साहित्य जवळपासचे असावे आणि कारागीर गावातले असावेत, अशी गांधीजींची अट होती. ‘आदी निवास’ उभे राहिले तेव्हा हिशेब ४९९ रुपयांचा निघाला. या वाढीव खर्चाबद्दल त्यांनी आपली नापसंती स्पष्टपणे व्यक्त केल्याचे आश्रमात आजही सांगितले जाते.

खर्च पाचपट झाला, ही त्या प्रसंगातील किरकोळ बाब होय. महत्त्वाचे हे की, खर्च वाढताच तो का वाढला असे विचारणारा कोणीतरी होता. जनतेच्या पैशातून उभ्या राहणाऱ्या आजच्या प्रशिक्षण संस्थांबाबत असे विचारणारा कोण आहे?

हा प्रश्न वर्धा जिल्ह्याने विचारावा, याला औचित्य आहे. कौशल्य शिक्षणावर या दशकात मोठा निधी येत आहे. १९ ऑक्टोबर २०२३ रोजी राज्यात ५११ प्रमोद महाजन ग्रामीण कौशल्य विकास केंद्रांचे उद्घाटन झाले. २० सप्टेंबर २०२४ रोजी खुद्द वर्ध्यात पंतप्रधानांच्या उपस्थितीत विश्वकर्मा योजनेचा वर्षपूर्ती सोहळा झाला आणि आचार्य चाणक्य कौशल्य विकास केंद्र योजनेचा प्रारंभही तेथेच झाला. २०२५ मध्ये केंद्राने देशातील एक हजार शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या उन्नतीसाठी ६० हजार कोटी रुपयांची योजना हाती घेतली. त्यात केंद्राचे ३०, राज्यांचे २० आणि उद्योगांचे १० हजार कोटी अपेक्षित आहेत. संकल्प स्वागतार्ह आहे. परंतु या पैशातील किती वाटा मुलाच्या हातातील हत्यारापर्यंत पोहोचेल आणि किती सिमेंट-लोखंडात जिरेल, हे आजच पाहिले पाहिजे.

खर्च का वाढतो?

बांधकामाचा खर्च वाढला की ‘भ्रष्टाचार’ हा एकच शब्द उच्चारून मोकळे होण्याची आपली सवय आहे. ती सोयीची असली तरी पुरेशी नाही. काही कारणे खरीखुरी आहेत. करोनानंतर आणि युक्रेन युद्धाच्या काळात पोलादाचे भाव असे भडकले की, मे २०२२ मध्ये केंद्राला पोलादाच्या निर्यातीवर शुल्क लावावे लागले. ते नोव्हेंबरमध्ये मागे घेतले गेले. त्याच वर्षी १८ जुलैपासून शासकीय बांधकाम कंत्राटांवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. म्हणजे पाच कोटींच्या कामावर ६० लाखांऐवजी ९० लाख कर. एका शासकीय खिशातून निघून दुसऱ्या शासकीय खिशात जाणारे हे ३० लाख कार्यशाळेच्या वाट्यातून मात्र कायमचे वजा होतात. सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरील कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, हा दिलासा म्हणावयाचा. वाळूचा प्रश्न तर आपल्याकडे नित्याचाच. २०२३ मध्ये ६०० रुपये ब्रास दराचे धोरण आले, २०२५ मध्ये ते बदलले.

तथापि या सर्वांहून महाग वस्तू एकच आहे आणि तिचे नाव विलंब. प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश या पायऱ्या चढता चढता दरसूची बदलते. जागेचा वाद निघतो, देयके थकतात, कंत्राटदार काम मंदावतो. वर्षाला केवळ सात टक्के भाववाढ धरली तरी पाच कोटींचा अंदाज चार वर्षांत साडेसहा कोटींवर जातो. मग येते ‘सुधारित प्रशासकीय मान्यता’! हे शब्द विदर्भाला नवे नाहीत. गोसीखुर्द प्रकल्प १९८३ च्या सुमारास ३७२ कोटींचा होता, २०१६ मध्ये त्याला १८ हजार ४९४ कोटींची सुधारित मान्यता मिळाली. धरणाच्या विलंबाने शेत कोरडे राहिले, प्रशिक्षण संस्थेच्या विलंबाने मुलाचे हात रिकामे राहतात.

वीजतंत्रीच्या एका तुकडीत २० मुले असतात. अशा पाच तुकड्यांची इमारत तीन वर्षे रखडली तर दरवर्षी शंभर मुले प्रवेशाच्या दारातून परत जातात. आष्टी, समुद्रपूरकडच्या शेतकऱ्याचा मुलगा खोलीचे भाडे भरून दूरच्या शहरात शिकू शकत नाही. तो बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीत अकुशल म्हणून लागतो आणि बहुधा अकुशलच राहतो. सुधारित अंदाजपत्रकात या नुकसानीचा रकाना नसतो.

दुसरा धोका अधिक सूक्ष्म आहे. मंजूर रक्कम तीच आणि इमारत महाग झाली, तर कात्री लागते ती यंत्रसामग्रीला. भिंत अर्धवट सोडता येत नाही, लेथ मात्र ‘पुढील वर्षी’ घेता येतो. म्हणूनच दर्शनी भाग चकचकीत आणि आत जुनी यंत्रे, असे विपरीत चित्र निर्माण होते.

उत्तर वर्ध्यातच आहे

‘आधुनिक यंत्रांना आधुनिक इमारत हवीच,’ असा आक्षेप येईल. तो अंशतः योग्य आहे. संगणकनियंत्रित यंत्राला पक्का पाया, पुरेशी वीज आणि सुरक्षित वायरिंग लागतेच. तेथे काटकसर म्हणजे मुलांच्या जिवाशी खेळ. पण भव्य प्रवेशद्वार, काचेची दर्शनी भिंत आणि वातानुकूलित सभागृह यांवाचून जोडारी शिकता येते.

१९३४ मध्ये वर्ध्याच्या मगनवाडीत अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे काम सुरू झाले. डॉ. जे. सी. कुमारप्पांनी तेथे स्थानिक साधनांचे अर्थशास्त्र मांडले. पुढे वर्ध्याच्याच ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने माती आणि कौलांपासून स्वस्त, टिकाऊ घरांचे तंत्र विकसित केले. मगनवाडीत आज ग्रामीण औद्योगिकीकरणाची राष्ट्रीय संस्था उभी आहे. ज्या जिल्ह्यात एवढे ज्ञान आहे, तेथील प्रशिक्षण केंद्राचा आराखडा मुंबईच्या नमुन्यावरून का यावा?

आणखी एक. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्धा शिक्षण परिषद भरली आणि हस्तोद्योगातून शिक्षणाची कल्पना देशापुढे आली. गवंडी, वीजतंत्री, नळजोडारी, सुतारकाम शिकणाऱ्या मुलांनीच अभियंत्यांच्या देखरेखीखाली, रीतसर विद्यावेतन घेऊन आपल्या संस्थेचे कुंपण, अंतर्गत वायरिंग, बाके, दारे-खिडक्या केल्या तर? खर्चात बचत होईल ती होवो, पण ‘ही इमारत मी बांधली’ हा अभिमान कोणत्या निविदेत मिळणार?

भारतीय मजदूर संघाचे संस्थापक दत्तोपंत ठेंगडी याच जिल्ह्यातील आर्वीचे. विश्वकर्मा जयंती हाच आपला राष्ट्रीय श्रमदिन, असा आग्रह त्यांनी धरला. श्रमाची प्रतिष्ठा भाषणांत राखणे सोपे असते. श्रम शिकवणाऱ्या संस्थेच्या हिशेबवहीतही ती राखली गेली पाहिजे.

यास्तव कार्यकर्त्यांनी आपापल्या तालुक्यात पाच प्रश्न विचारावेत. मूळ अंदाज किती होता? आज किती आहे? किती दिवसांचा विलंब कोणत्या टप्प्यावर झाला? यंत्रसामग्रीसाठी किती रक्कम राखून ठेवली आणि ती वळवली तर गेली नाही ना? पहिली तुकडी केव्हा बसणार? माहिती अधिकाराचा कायदा २००५ पासून हाताशी आहे. उत्तरे मिळाली की ती संस्थेच्या दारावरील फलकावर लावण्याचा आग्रह धरावा. हे काम कोणा पक्षाच्या विरोधातील नाही. सरकार आपले असो वा परक्याचे, पैसा समाजाचाच असतो.

शंभराचे चारशे नव्याण्णव झाले तेव्हा सेवाग्रामात जाब विचारला गेला. पाच कोटींचे साडेसहा होतात तेव्हा वर्ध्याने गप्प बसणे शोभणार नाही.