गल्ली कव्हर, दार मोकळं

नवीन पनवेलमधल्या सिडकोच्या बैठ्या घरांच्या कुठल्याही गल्लीतून एक चक्कर मारा. एकाआड एक पोर्चमध्ये कॅमेरा दिसेल. माझ्याही घराला आहे, त्यामुळे उगाच नाकं मुरडत नाहीये. तक्रार एवढीच की यातले बरेचसे कॅमेरे आपलं दार सोडून समोरच्यांचं दार बघत बसलेले असतात.

होतं काय, बसवणारा पोरगा शिडी लावतो, स्लॅबखाली सगळ्यात उंच जागा पकडतो आणि मोबाईलवर दाखवतो, "बघा सर, अख्खी गल्ली कव्हर!" सर खूष, पैसे वसूल.

आता जरा गणित करू, सवयच आहे आपली. साध्या दोन मेगापिक्सेल कॅमेऱ्याचं चित्र १९२० पिक्सेल रुंद असतं. अनोळखी माणसाचा चेहरा नीट ओळखू यायला मीटरमागे २५० पिक्सेल हवेत, असं सीसीटीव्हीच्या आयईसी ६२६७६-४ या मानकाची २०१४ ची आवृत्ती सांगत होती. म्हणजे चित्रात जास्तीत जास्त पावणेआठ मीटर रुंदीच मावायला हवी. आपल्याकडे सर्रास बसवतात ती २.८ मिमीची लेन्स साधारण १०० अंशांचं दृश्य घेते, त्यामुळे ही मर्यादा सव्वातीन मीटरवरच संपते. त्यापुढे कोणीतरी आहे एवढं कळतं, कोण आहे ते नाही.

आणि गंमत इथेच आहे. ओळखीच्या माणसाला चेहरा लागतच नाही, तो चालण्यावरूनही कळतो. म्हणजे गल्लीभर फिरवलेल्या कॅमेऱ्यात चोर हा नुसता ठिपका, पण समोरच्या काकू किती वाजता बाहेर पडल्या, त्यांची मुलगी रात्री कोणाच्या बाईकवरून उतरली, हे मात्र लख्ख! ज्याच्यासाठी पैसे मोजले तो सोडून बाकी सगळे सापडतात.

मग लावायचा कुठे? दाराच्या बाजूच्या भिंतीवर, सात-आठ फुटांवर, जिथे माणूस चपला काढून बेल वाजवतो त्या पायरीकडे तिरका. दहा-बारा फुटांवरून फक्त टोपी आणि टक्कल दिसतं. पोर्च पश्चिमेला असेल तर सरळ बाहेर रोखू नका, संध्याकाळी पाठीमागच्या उन्हात येणाऱ्याचा चेहरा काळा ठिक्कर पडतो. पनवेलचा तिरपा पाऊस बघता स्लॅबच्या आत हवा हे खरं, पण पांढऱ्या भिंतीला अगदी चिकटवलात तर रात्री इन्फ्रारेडचा उजेड भिंतीवरून परत येतो आणि चित्रावर धुकं पसरतं. पावसाळ्यात कोळ्याची जाळी आठवड्याला झाडायची, त्याला इलाज नाही. एवढं करूनही शेजाऱ्यांची खिडकी चित्रात येत असेल तर बहुतेक कॅमेऱ्यांत तेवढा भाग काळा करायची सोय असते. माईक सरळ बंद करा.

"कायदा काय म्हणतो?" असं एका मित्राने विचारलं. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. पण २०२३ चा डेटा संरक्षण कायदा एखाद्याच्या वैयक्तिक किंवा घरगुती वापराला लागू नाही. तिकडे ऑक्सफर्डमध्ये २०२१ साली असाच वाद कोर्टात गेला, निकाल शेजारणीच्या बाजूने लागला, आणि कॅमेरे लांबचं बोलणंही टिपतात ही गोष्ट कोर्टाला जास्त खटकली. आपल्याकडे कोर्टाची वाट कशाला बघायची?

"पूर्वी ओट्यावर बसून सगळे सगळ्यांना बघायचेच की," असंही त्याचं म्हणणं. बघायचे, कबूल. पण ओट्यावरच्या आजी तुम्हाला दिसायच्या, 'काय आजी' म्हणता यायचं, आणि त्या पंधरा दिवसांचं रेकॉर्डिंग ठेवत नव्हत्या :)

असो. मी आमच्या समोरच्या काकांना बोलावून मोबाईलवर आमचं चित्र दाखवलं. एक पायरी, अर्धं फाटक, कुंडी. त्यांनी चष्मा वर करून निरखून पाहिलं आणि म्हणाले, "चपला जरा ओळीत लावत जा रे."