कर्करोगाच्या तपासणीतील ‘चौथा गट’

कर्करोगाचा विषय निघाला की आपल्याकडे दोनच प्रकारची भाषणे ऐकू येतात. एकात तंबाखू सोडा, सकस खा, व्यायाम करा असा उपदेश असतो. दुसऱ्यात नव्या रुग्णालयाची वा नव्या यंत्राची घोषणा. या दोहोंच्या मध्ये जे असावयास हवे, म्हणजे अद्याप निरोगी दिसणाऱ्या माणसापर्यंत वेळेवर पोहोचणारी गावपातळीवरील आरोग्यसेवा, तिच्याविषयी फारसे कोणी बोलत नाही. वास्तविक, अशा सेवेने मृत्यू टळतात याचा जगाने मान्य केलेला पुरावा महाराष्ट्रातच, तोही तेव्हाच्या उस्मानाबाद आणि आजच्या धाराशिवसारख्या दुष्काळी जिल्ह्यात, तयार झाला आहे.

१९९९ मध्ये मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय, बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी त्या जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा एक मोठा अभ्यास हाती घेतला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचे गावसमूहांनुसार चार गट पाडण्यात आले. तीन गटांना निरनिराळ्या तपासण्या देऊ करण्यात आल्या; चौथा गट प्रचलित व्यवस्थेवर, म्हणजे वस्तुतः तपासणीविना, राहिला. निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. एचपीव्ही या विषाणूची चाचणी एकदाच देऊ केलेल्या ३४,१२६ स्त्रियांच्या गटात या रोगाने ३४ मृत्यू झाले होते. चौथ्या गटातील ३१,४८८ स्त्रियांमध्ये ६४. मृत्यूचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले.

या चौथ्या गटाविषयी पुढे नैतिक आक्षेप घेतले गेले, आणि ते गैरलागू म्हणता येणार नाहीत. परंतु आक्षेपकांचे आणि समर्थकांचेही ज्याकडे पुरेसे लक्ष गेले नाही ती गोष्ट अधिक गंभीर आहे. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील ३० ते ४९ वयाच्या शंभर स्त्रियांपैकी दोघींचीही ही तपासणी कधी झालेली नव्हती. म्हणजे अभ्यास संपला, निष्कर्ष छापले गेले, आणि जवळजवळ सारा देश चौथ्या गटातच राहिला. या एका रोगाने भारतात २०२२ साली सुमारे ८०,००० स्त्रिया दगावल्याचा अंदाज आहे.

मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील अनुभव याहून वेगळ्या अंगाने बोलका आहे. तेथे १९९८ पासून सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास झाला. तपासणारे डॉक्टर नव्हते. काही आठवडे प्रशिक्षण घेतलेल्या, शाळेपुरते शिक्षण झालेल्या आरोग्यसेविका होत्या. साधन होते सौम्य अॅसेटिक आम्ल, म्हणजे स्वयंपाकघरातील व्हिनेगरच. दर दोन वर्षांनी, असे चार वेळा तपासलेल्या गटात मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. तुलनेसाठीच्या गटाला कर्करोगाविषयी आरोग्यशिक्षण दिले गेले होते, हे मुद्दाम लक्षात ठेवावे. उपदेश दोघींनाही मिळाला. फरक पडला तो तपासणीमुळे.

हीच व्हिनेगरची तपासणी उस्मानाबादेत एकदाच केली गेली तेव्हा मृत्यूंत तसा ठळक फरक दिसला नव्हता. तेव्हा पुनःपुन्हा जाणे शक्य असेल तेथे स्वस्त तपासणी वारंवार करावी. जेथे स्त्री पुन्हा सापडेल याची खात्री नाही तेथे महाग परंतु अचूक चाचणी एकदा करावी, असा या दोन अनुभवांचा सरळ अर्थ निघतो. २०१६ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी मात्र स्वस्त तपासणी, तीही पाच वर्षांतून एकदा, असा मार्ग निवडला. ही काटकसर नव्हे. कागदावर ती तशी दिसते, इतकेच.

तोंडाच्या कर्करोगाचे गणित निराळे आहे. तेथे तंबाखू सुटण्याइतका प्रभावी उपाय नाही, आणि सवयीला किंमत ही एक मोठी बाजू असते. महाराष्ट्राने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली. माल शेजारच्या राज्यांतून येत राहिला. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी परिषदेने विडीवरील दर २८ वरून १८ टक्क्यांवर आणण्याचे ठरवले. सोलापुरात विड्या वळून घर चालवणाऱ्या हजारो स्त्रियांची चिंता खरी आहे. पण त्यांना दुसरा रोजगार देण्याऐवजी गरिबाची विडी स्वस्त करणे हा त्यावर इलाज होऊ शकत नाही. घरच्या तव्यावर भाजलेल्या मिश्रीपर्यंत तर कोणताच कर पोहोचत नाही. तेथे ओळखीच्या आशाताईचे बोलणेच काय ते पोहोचेल.

मग अडते कोठे? शेतमजूर स्त्रीला ‘मोफत’ तपासणीसाठी दिवसाची मजुरी, एसटीचे भाडे आणि घरच्यांची परवानगी एवढे मोल मोजावे लागते, तेही काहीच दुखत नसताना. उपकेंद्रात आडोसा नसेल तर ती पुन्हा येणार नाही. दोष आढळला आणि पुढचा उपचार तालुक्याला न मिळता जिल्ह्याला मिळणार असला, तर साखळी तेथेच तुटते. दुसरीकडे, महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत उपचाराचा खर्च रुग्णागणिक अदा होतो. लाभार्थी मोजता येतो, त्याचे छायाचित्र काढता येते. टळलेल्या रोगाला लाभार्थी नसतो. आरोग्यखर्चाचा दोन तृतीयांश वा अधिक वाटा प्राथमिक सेवेवर व्हावा असे २०१७ चे राष्ट्रीय आरोग्य धोरण म्हणते, तेव्हा ते याच असमतोलाकडे बोट दाखवते.

पुण्याच्या सिरम संस्थेने तयार केलेल्या एचपीव्ही लसीला २०२२ मध्ये मान्यता मिळाली, आणि ९ ते १४ वयाच्या मुलींच्या लसीकरणास उत्तेजन देण्याचे आश्वासन २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात दिले गेले. हे स्वागतार्हच आहे. मात्र आज टोचलेल्या मुलीला त्याचे फळ वीस-तीस वर्षांनी मिळावयाचे आहे. तिच्या आईचे वय आताच पस्तीस-चाळीस असते, आणि लसीच्या रांगेत तिच्या शेजारी उभ्या असलेल्या त्या आईची तपासणी त्याच दिवशी, त्याच उपकेंद्रात करण्याची सोय करता येण्यासारखी आहे.