मोहाच्या मद्याला निराळा न्याय का?

पुण्यात २००९ साली ‘डूलाली’ ही लहानशी मद्यशाळा निघाली. तेथे गव्हाची बिअर करणारे कलावंत ठरले. ते ठरोत बापडे! परंतु पवारांच्या धार-देवासमुळे आपल्याला जवळच्या वाटणाऱ्या माळव्यात काय दिसते? धारकडील भिल्लीण चैत्रात पहाटे मोहाची फुले वेचते, सुकविते, आंबविते आणि मडक्यांत गाळते. तिच्या विद्येची मात्र ‘हातभट्टी’ म्हणून हेटाळणी! हा भेद गहू व मोह यांतला, की माणसामाणसांतला?

देवळाच्या माणसांना ही चर्चा कशाला, असे कोणी विचारील. देवासजवळच्या उज्जयिनीस काळभैरवाला मद्याचाच नैवेद्य दाखवितात, हे त्यांनी आठवावे. व्यसनाचे समर्थन आम्हाला कर्तव्य नाही. माप एक असावे, एवढेच मागणे. गोव्याच्या काजूफेणीलाही २००९ सालीच भौगोलिक मानांकन लाभले. मध्य प्रदेश शासनानेही २०२१ साली मोहाच्या मद्याला वारशाचे स्थान देण्याची घोषणा केली. पण बाटलीवर भिल्लांचे चित्र आणि नफा शहरी ठेकेदाराच्या पेटीत, असा वारसा आम्हाला नको. मान द्यायचा, तर तो गाळणारणीच्या पदरात पडला पाहिजे.