गच्चीवरचं विमान

माझं मराठी कॉन्व्हेंटचं, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या. पण हा विषय मराठीतच मांडायचाय, कारण ज्यांच्यामुळे तो डोक्यात बसला ते मराठी आहेत.

कॅप्टन अमोल यादव, तेव्हाच्या जेट एअरवेजमधले वैमानिक. मुंबईत कांदिवलीच्या चारकोपला, राहत्या बिल्डिंगच्या गच्चीवर त्यांनी सहा सीटचं विमान बांधलं. हँगर नाही, गच्ची! फेब्रुवारी २०१६ मध्ये ते बीकेसीच्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात मांडलं, नोंदणी मिळाली नोव्हेंबर २०१७ मध्ये, आणि धुळ्याला चाचणीचं उड्डाण झालं २०२० साली. आमच्या मेसमध्ये तळपद्यांच्या १८९५ च्या विमानावर तासभर भांडण होतं, ज्याचा ठोस पुरावा नाही. यादवांचं नाव मात्र टेबलावर दोघींनाच माहीत होतं.

मागच्या वर्षी एनसीसीच्या एअर विंगमधून मला मायक्रोलाइटमध्ये वीस मिनिटं बसायला मिळालं. विमानाचं नाव 'व्हायरस' (हसू नका, स्लोव्हेनियाच्या पिपिस्ट्रेल कंपनीने खरंच ठेवलंय). इंजिन रोटॅक्सचं, चार सिलिंडर, १२११ सीसी, ८० हॉर्सपॉवर. म्हणजे साधारण सरांच्या स्विफ्टएवढंच! फ्लुइड्समध्ये अडकलेल्या मला लिफ्ट म्हणजे काय ते तिथे कळलं, पुस्तकातून नाही, सीटमधून.

उतरल्यावर ठरवलं, फायनल इयरला प्रोजेक्ट पंखाचा. अख्खं विमान नाही हो, एक पंख. बांधायचा, उलटा धरायचा आणि मोडेपर्यंत वर वाळूची पोती टाकायची. रूममेट म्हणाली, "काहून वं, पागल झाली का? रेडिमेड घे ना!" एका सरांनी तेच जरा सभ्य शब्दांत सांगितलं, "रिस्क नको, मार्क्स बघा." रेडिमेड प्रोजेक्ट कुठे मिळतात तो पत्ता अर्ध्या हॉस्टेलला पाठ आहे, तो इथे छापत नाही.

विमान घेणं आपल्या घरच्यांच्या बजेटात नाही, मान्य. अमेरिकेत २००४ साली दोन सीटच्या, ६०० किलोंपर्यंतच्या विमानांसाठी वेगळे, सोपे नियम आले आणि हौशी लोकांना स्वतःचं विमान उडवणं सोपं झालं. आपल्याकडेही नियम सैल करा असं मी म्हणत नाहीये. वर्धा रोडवर माझ्या डोक्यावर कुणाचं घरगुती विमान पडावं असं मलाही वाटत नाही! पण वर्कशॉपच्या फरशीवर पंख मोडून बघायला कुठल्या खात्याची परवानगी लागते? तो मोडला, तरी किती वजनाला आणि नेमका कुठे मोडला ते मोजता येईल. विकतच्या प्रोजेक्टमध्ये मोडण्यासारखं काही नसतंच, कारण त्यात आपलं काही नसतं. आणि मग कॅम्पस इंटरव्ह्यूत "यात तुम्ही काय केलं?" विचारलं की घाम फुटतो.

वर्कशॉपचे काका मागचा कोपरा द्यायला तयार आहेत. वाळू हॉस्टेलच्या बांधकामाची उरलेली पडलीच आहे. मला तीन पार्टनर हवेत, रिव्हेट मारता आलं तर उत्तम. रूममेट म्हणते, "नाव टाक माझं, पण मी चढनार नाही." अगं, चढायचंय कुणाला?